सात जणांची एकच झोप : समुपदेशनाला जाण्याआधीची तयारी

२०२३ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक तरुण आला. कर्जवसुलीचं काम, बायको माहेरी, आणि रात्री दोन वाजले तरी डोळे टक्क उघडे. "घबराहट होते, ताई," म्हणाला. (पुण्याच्या माणसाला 'अस्वस्थ वाटतं'. आम्हा इंदुरी मराठ्यांना घबराहटच होते.) मी शिकले होते ते सगळं त्याला दिलं. श्वास मोजायचा, झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, 'मी कुचकामी आहे' हा विचार कागदावर लिहून त्याच्या विरुद्ध पुरावे शोधायचे. सहा भेटींत त्याची झोप बरीच सुधारली. त्याने माझा नंबर एका सहकाऱ्याला दिला, त्या सहकाऱ्याने आणखी एकाला. दिवाळीपर्यंत एकाच ऑफिसातली सात माणसं माझ्या सुदामानगरच्या खोलीत, त्याच वेताच्या खुर्चीत बसून गेली. सातही जण रात्री दोनला जागे.

त्यांच्या ऑफिसची पद्धत अशी होती की दिवसभराच्या वसुलीचा आकडा रात्री अकराला ग्रुपवर टाकायचा, आणि ज्याचा आकडा कमी त्याचं नाव लाल रंगात फिरायचं. कर्जदाराला संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत असं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या परिपत्रकात बजावलंय. वसुली करणाऱ्याचा मोबाइल मात्र अकराला थरथरायचा. ही लाल नावाची गोष्ट मला सातही जणांनी सांगितली होती, आणि सातही वेळा ती ऐकून मी विचारलं होतं, "मग तेव्हा तुमच्या मनात काय येतं?"

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. त्याच ऑफिसने मला 'तणाव व्यवस्थापना'वर बोलायला बोलावलं, आणि मी गेले. शाल, श्रीफळ, पाकीट. पन्नास जणांना एकदम श्वास मोजायला लावला. साहेब पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते.

आम्हाला शिकवताना सांगितलं होतं की समुपदेशनाच्या खोलीत राजकारण आणायचं नाही. पण खुर्चीत बसलेल्यानेच बदलायचं आणि ग्रुप अकरालाच चालू राहायचा, हे गृहीत धरलं की राजकारण खोलीत येऊन बसलेलंच असतं. फक्त ते साहेबांच्या बाजूचं असल्यामुळे दिसत नाही. म्हणून हे लिहितेय, खुर्चीत बसणाऱ्यांसाठी. आमच्याकडे यायला घाबरू नका, पण तयारीने या. माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाळीस पानी वही

पहिल्या भेटीआधी आठवडाभर एक शाळेची वही जवळ ठेवा. घबराहट झाली, रडू आलं, डोकं भणभणलं, की तेवढ्यात चार गोष्टी लिहा : किती वाजले, कुठे होतात, समोर कोण किंवा काय होतं, शरीराला काय झालं. 'सोमवार, १०:५०, ओट्यापाशी, हातात मोबाइल, छातीत धडधड.' बस. 'का' हे लिहू नका. 'का' लिहायला बसलं की आपण स्वतःला शिव्या द्यायला लागतो आणि चार पानं भरतात.

आठवड्याने दुसऱ्या रंगाचं पेन घ्या आणि प्रत्येक नोंदीपुढे समासात दोन प्रश्नांची उत्तरं लिहा.

पहिला प्रश्न, हे आणखी कुणाला होतं? ठाऊक नसेल तर विचारा. ऑफिसबाहेरच्या टपरीवर, जावेला, खोलीतल्या मुलाला. "तुला पण झोप लागत नाही का रे?" एवढं विचारायला कुठली पदवी लागत नाही. माझ्याकडे आलेल्या सातांनी एकमेकांना माझा पत्ता दिला होता, पण आपली झोप नेमकी किती वाजता उडते हे एकमेकांना सांगितलं नव्हतं.

दुसरा प्रश्न, उद्या सकाळपासून ही गोष्ट थांबली तर मला झोप लागेल का? 'हो', 'नाही', 'थोडी' यांतलं एक लिहा. बहुतेकांचं 'थोडी' येतं, आणि त्या 'थोडी'वर सगळ्यात चांगलं काम होतं. ग्रुप बंद होऊनही जी धडधड उरते ती तुमची आणि माझी. ग्रुपबरोबर जी जाईल, तिच्यासाठी माझ्याकडे कितीही फी भरलीत तरी ती पुरी जाणार नाही.

ही वही मला माझ्या बाबांमुळे सुचली. ते इंदूरच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, तरी बाबा सकाळी साडेसहाला आईकडे डबा मागायचे. मग मागेनासे झाले. रस्त्याकडे पाठ करून ओट्यावर बसायचे. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळ्या दिल्या, आणि हे स्वच्छ सांगते की त्या गोळ्यांनी बाबा झोपायला लागले, उपकारच झाले. पण आईने एक टिपलं होतं जे कुठल्याच केसपेपरवर आलं नाही. गेटवर कामगारांची सभा असली की त्या दिवशी बाबा दोन पोळ्या जास्त खायचे. थकबाकी मिळायची नव्हती, भाषणं तीच होती, तरी दोन पोळ्या. मी मानसशास्त्र शिकल्यावर मला ते कळलं. त्या एका दिवशी 'माझं काय चुकलं' हा प्रश्न 'आपल्याला का देत नाहीत' असा व्हायचा.

आपल्याकडच्या हुकुमचंद मिलचंच घ्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, आणि कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी रुपये सुटले २५ डिसेंबर २०२३ ला. मधल्या तीसएक वर्षांत मिल एरियातल्या किती घरांत झोपेच्या गोळ्या आल्या असतील, त्यांच्या चिठ्ठीवर 'थकबाकी' हा शब्द कुणी लिहिला नसणार.

कुणाकडे जाताय, आणि पैसे कोण देतंय

सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारा, दाखवण्यात कुणाला कमीपणा वाटू नये. 'काउन्सेलर' ही पाटी मात्र महिन्याभराचा कोर्स केलेलाही लावतो. मी एमए केलं, मग समुपदेशनाचा डिप्लोमा, आणि अकरा वर्षं शाळेत काम केलं. पहिल्याच भेटीत हे सांगते, कारण लोक लाजून विचारत नाहीत. भाजी घेताना भेंडी मोडून बघतो आपण.

त्याहून महत्त्वाचं, फी कोण भरतंय ते बघा. हल्ली कंपन्या फुकट समुपदेशक देतात. जा की, फुकटचं आहे. पण बसण्याआधी विचारा : माझं नाव ऑफिसला कळतं का? तुम्ही त्यांना महिन्याला काय पाठवता? 'अमुक विभागातून इतके जण आले' असा आकडा जातो का? आणि एकाच विभागातले खूप जण आले तर तुम्ही वर काही कळवता का? शेवटच्या प्रश्नाला 'ते आमच्या कक्षेत येत नाही' असं उत्तर मिळालं, तर तिथे झोपेबद्दल बोला आणि लाल नावाबद्दल दुसरीकडे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणे उपचार करणाऱ्याने तुमची माहिती गुप्त ठेवायची असते. कुणाच्या जिवाला धोका किंवा न्यायालयाचा हुकूम असे मोजके अपवाद आहेत. साहेबांची उत्सुकता त्यांत बसत नाही.

कोचिंगच्या मुलांचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक ठेवायला सांगितलं. त्याच आदेशात मार्कांवरून बॅचेस वेगळ्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, असंही आहे. भंवरकुआंला, आमच्या कोचिंग क्लासच्या वस्तीत, जाऊन पाहा, पहिली गोष्ट जाहिरातीत छापता येते. आईवडिलांनी प्रवेश घेताना दुसरीबद्दल विचारावं.

खुर्चीत बसल्यावर

समुपदेशक चांगली असली तरी सवयीने आत वळवते. ते आमचं शिक्षणच आहे. तिला थांबवायला तीन वाक्यं देते, पाठ करा.

"मनात काय येतं ते सांगतो, पण आधी तिथे काय घडतं ते पूर्ण ऐका."

"हे मला एकट्याला होत नाही. ते आपण कुठे लिहिणार?"

"मी हे सहन करायला शिकावं असं तुम्हाला वाटतं, की थांबवायला?"

तिसरं वाक्य कठीण आहे, आवाज चढतो, म्हणून घरी एकदा म्हणून बघा. हे ऐकून जी समुपदेशक दोन मिनिटं विचार करेल ती ठेवा. जी लगेच 'तुमच्यात प्रतिकाराची भावना दिसते' म्हणेल, तिला नमस्कार करून या.

मला हे एका मुलाने शिकवलं. खरगोनकडचा, भंवरकुआंला दहा बाय दहाच्या खोलीत चार वर्षं राज्यसेवेची तयारी. आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे आपल्या मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे निकाल ८७ आणि १३ टक्के असे दोन भागांत लागतात आणि १३ टक्क्यांवाले टांगून राहतात, हे इंदूरच्या पोहेवाल्यालाही माहीत आहे. हा त्या १३ मधला. दिवसातून चाळीस वेळा वेबसाइट बघायचा. मी फळ्यावर लिहिलं, 'अनिश्चितता सहन करण्याची क्षमता'. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, अनिश्चितता माझी नाही. आयोगाची आहे."

मी फळा पुसला. आम्ही वेबसाइट आठवड्यातून दोनदाच बघायची ठरवली, ते त्याच्या हातातलं होतं. बाकीच्यासाठी तो डिसेंबर २०२४ मध्ये आयोगाच्या कार्यालयासमोर जी मुलं थंडीत रात्रंदिवस बसली होती त्यांच्यात जाऊन बसला. नंतर आला तेव्हा म्हणाला, तीन वर्षांत इतका छान झोपलो नव्हतो, आणि तेही रस्त्यावर! पंधरा दिवसांनी घबराहट परत आली, हेही सांगायला हवं. मग पुन्हा खुर्ची, पुन्हा वही.

'हिला जरा समजवा'

वर्षातून पाच-सहा वेळा होतं हे. आई, बाबा, मध्ये मान खाली घातलेली मुलगी. मागे एक रामबागेतलं कुटुंब आलं. मुलीचं एका मुलाशी जमलेलं, मुलगा नोकरीचा, शिकलेला, जात वेगळी. आई म्हणाली, "मॅडम, हिच्या डोक्यातून ते काढा. पूर्वी अशी नव्हती हो. हवं तर गोळ्या लिहून घेऊ कुणाकडून." बाबा छताचा पंखा बघत होते. आमच्या शहरात 'बाणगंगेला नेऊ का' हे वाक्य घराघरात धमकी म्हणून वापरतात, तिथल्या मनोरुग्णालयावरून, आणि ते त्या मुलीने आदल्या रात्री ऐकलं होतं.

तुम्ही त्या मुलीच्या जागी असाल तर त्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ३ पाठ करा. कुणाची जात, धर्म, राजकीय किंवा आर्थिक स्थिती यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. आसपासच्या समाजाच्या नैतिक, सामाजिक, राजकीय किंवा धार्मिक समजुतींशी माणूस जुळत नाही, म्हणूनही ठरवता येत नाही. कायद्यात हे लिहावं लागलं, कारण जगभर तसं करून झालंय. १८५१ मध्ये अमेरिकेत कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मळ्यातून पळून जाणाऱ्या गुलामांच्या पळण्याला रोगाचं नाव दिलं होतं. सोव्हिएत संघात सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना 'सुस्त स्किझोफ्रेनिया' ठरवून इस्पितळात डांबत. त्यावरून जगभर इतका गदारोळ झाला की १९८३ मध्ये तिथली संघटना जागतिक मनोचिकित्सक संघातून बाहेर पडली. समलैंगिकता अमेरिकन मनोचिकित्सकांच्या आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये निघाली. आपल्याकडे मुलग्याला 'बदलून' देतो म्हणणाऱ्या डॉक्टरचं ते वागणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

तर कुणी तुम्हाला असं धरून आणलं, तर पहिल्या पाच मिनिटांत समुपदेशकाला एकटीने भेटायची मागणी करा. 'मला काय त्रास आहे असं तुम्हाला सांगितलं गेलंय?' असं विचारा. आणि तुम्ही आणणारे आईबाप असाल, तर मी त्या आईला जे म्हटलं तेच म्हणते, "काकू, झोप कुणाची उडालीय?" "माझी." "मग या खुर्चीत तुम्ही बसा." त्या बसल्या. पाच वेळा आल्या. नातलग काय म्हणतील हे रडून झाल्यावर सहाव्या वेळी आल्या नाहीत. लग्नाचं आमंत्रण मला आलं नाही, पण लग्न झाल्याचं कळलं.

बाहेरचं बाहेर न्यायचं कसं

त्या सातांकडे परत येते. एकाचं दुसऱ्याला सांगणं माझ्या कामात बसत नाही, म्हणून मी प्रत्येकाला वेगळं विचारलं की एकत्र बसायला चालेल का. सहा जण हो म्हणाले. रविवारी सकाळी पोहे मागवले, वरून जीरावन, आणि प्रत्येकाने आपल्या वहीतली फक्त वेळ वाचली. १०:५०. ११:०५. १०:५५. चौथ्या माणसापर्यंत लोक हसायला लागले.

मग अर्ज. त्यात 'आमचा मानसिक छळ' असं काही लिहिलं नाही. मोठे शब्द पाहिले की समोरचा वकील शोधतो. दोन मागण्या होत्या. नावं रंगवू नका, आणि आकडा संध्याकाळी सातला घ्या. पाच जणांनी सह्या केल्या. एक घाबरला, त्याला कुणी काही बोललं नाही. लाल रंग आठवड्यात गेला. अकराचे आठ व्हायला तीन महिने लागले. दोघांनी तोवर नोकरी सोडली होती. पहिल्या मुलाला अजून गोळी चालू आहे, कारण त्याच्या 'थोडी'च्या मागे दारूडा बाप आणि दहा वर्षांची भीती निघाली. तिच्यावर आम्ही अजून काम करतो.

तुमच्या वहीत काय निघतं त्यावर जागा ठरते. पगार, तास, काढून टाकणं असेल तर श्रम विभाग, आणि राज्याच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदुरातच आहे. ऑफिसात लैंगिक त्रास असेल तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. तक्रारीची मुदत तीन महिने आहे, म्हणून 'आधी मन शांत करू, मग बघू' असं कुणी म्हटलं तर तारीख मोजा. घरात मारहाण असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा सखी केंद्र. नवऱ्याचा हात उठतो त्या घरात बाईला ध्यान शिकवणं मी बंद केलंय. आधी ती कुठे राहील ते बघतो आम्ही.

एकट्याने तक्रार द्यायला निघालात तर त्या आठवड्यात भेट नक्की ठेवा. तक्रारीच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. खरी घबराहट तेव्हा येते.

उलटी चूक

हे वाचून कुणी गोळ्या कचऱ्यात टाकू नका. माझ्या ओळखीत एका मुलीच्या भावाने, चांगला वाचणारा मुलगा, 'हा आजार नाही, समाजाचा दाब आहे' असं पटवून तिचं लिथियम, मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, बंद करवलं. पंधरा दिवसांत ती तीन रात्री न झोपता सराफ्यात अनोळखी लोकांना नोटा वाटत होती. लिथियमची रक्तातली पातळी मोजून मात्रा ठरते. कमी-जास्त करायची तर डॉक्टरने. समाजाचा दाब तिच्यावर होता का? होताच, हुंड्यापासून सगळा. आणि गोळीही लागत होती. दोन्ही खरं असू शकतं, हे हुशार माणसांना का पटत नाही कोण जाणे.

जगणं नकोसं वाटत असेल तर वही राहू द्या बाजूला. १४४१६ लावा. टेली-मानस, दिवसरात्र चालू, पैसे पडत नाहीत. किंवा कुणाला तरी सोबत घेऊन सरळ एमवाय रुग्णालयात जा.

व्याख्यान ठेवणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात आणखी एका ऑफिसातून फोन आला. तणावावर तासभर बोला, म्हणाले. मी तीन गोष्टी मागितल्या. तुमच्याकडे माणसं घरी किती वाजता जातात ते लिहून द्या, गेल्या वर्षी मागितलेल्या आणि दिलेल्या रजा सांगा, आणि व्याख्यानाआधी अर्धा तास साहेबांशिवाय लोकांशी बोलू द्या. पलीकडच्या मुलीने सगळं नीट लिहून घेतलं, वाचूनही दाखवलं. मग म्हणाली, "मॅम, ॲक्चुअली आम्हाला थोडं मोटिव्हेशनलच हवं होतं." मी म्हटलं विचारून बघा.

त्यांचा अजून फोन आलेला नाही. तिचा आला होता, परवा, स्वतःसाठी. बुधवारी पाचची वेळ दिलीय आणि वही आणायला सांगितलीय.